उष्णता, तापमान आणि औष्णिक ऊर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा सुरू झाला की वर्गातल्यापेक्षा वर्गाबाहेरचेच प्रश्न जास्त येतात. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंकडून. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम पुस्तकातला नाही, जसे आठवले तसे लिहिले आहेत. पहिला प्रश्न मात्र आधी वाचा, पुढची बरीच उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

उष्णता आणि तापमान एकच ना? बोलताना तर आपण दोन्ही सारखंच वापरतो.

एक नाही. दिवाळीत फुलबाजी हातात धरली की ठिणग्या मनगटावर उडतात. त्या ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, तरी जरासं चुणचुणण्यापलीकडे काही होत नाही. त्याच पहाटे बंबातलं पाणी असतं सत्तर-ऐंशी अंशांचं. त्यातला एक तांब्या विसण न घालता अंगावर घेतला तर फोड येतील. ठिणगी तापलेली आहे खरी, पण ती धातूचा नुसता कण आहे. तुम्हाला द्यायला तिच्यापाशी ऊर्जाच फारशी नाही. (फुलबाजीची तार मात्र विझल्यावरही भाजते, ती पाण्याच्या बादलीतच टाका.)

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पदार्थातले रेणू सतत धडपडत असतात. त्या धडपडीची सरासरी ऊर्जा किती, हे तापमान सांगतं. सगळ्या रेणूंची मिळून जी ऊर्जा होते ती औष्णिक ऊर्जा. आणि तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जी ऊर्जा जाते, ती उष्णता.

मुलांना मी हौद आणि वाटीचं उदाहरण देते. नळीने दोन्ही जोडले तर पाणी कुठून कुठे जाईल? जास्त पाणी हौदात आहे म्हणून हौदातून वाटीत, असं काही नसतं. वाटी वर टांगलेली असेल तर पाणी वाटीतूनच हौदात येईल. पातळी ठरवते, साठा नाही. तापमान म्हणजे ही पातळी, औष्णिक ऊर्जा म्हणजे साठा आणि उष्णता म्हणजे नळीतून वाहणारं पाणी. म्हणून काटेकोर बोलायचं तर "पाण्यात खूप उष्णता आहे" हे वाक्य चुकीचं. उष्णता वस्तूत नसते, ती वस्तूकडून वस्तूकडे जाते. घरात असं कुणी बोललं तर दुरुस्त करत बसू नका, परीक्षेत मात्र जपा.

मग आंबा उष्ण, पपई उष्ण, ताक थंड हे काय?

तो वेगळा शब्द आहे, नुसता उच्चार सारखा. आयुर्वेदातला उष्ण गुण शरीरावरच्या परिणामाबद्दल बोलतो, त्याला थर्मामीटर लावायचा नाही. खोलीत ठेवलेला आंबा आणि खोलीत ठेवलेली काकडी, दोन्हींचं तापमान तितकंच.

ज्यूल, कॅलरी, किलोकॅलरी, वीजबिलातलं युनिट... यातलं कुठलं धरायचं?

कुठलंही धरा, सगळी ऊर्जेचीच मापं आहेत. ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. अठराव्या शतकात उष्णता म्हणजे 'कॅलॉरिक' नावाचा अदृश्य, वजनरहित द्रव आहे असं मानत. गरम वस्तूत तो जास्त, थंड वस्तूत कमी. 1798 मध्ये काउंट रम्फर्डने म्युनिकच्या कारखान्यातले अनुभव मांडले. तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणाने उष्णता निघत राहते, संपतच नाही. वस्तूत साठवलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता. पुढे 1840 च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली, पाणी किंचित तापलं, आणि किती कामाला किती उष्णता याचा हिशोब लागला. 1 कॅलरी म्हणजे सुमारे 4.18 ज्यूल. ज्यूलचा धंदा बिअर गाळण्याचा होता. तापमानातले बारीक फरक ओळखण्याची सवय त्याला तिथे लागली असावी, असं मला आपलं वाटतं.

1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी लागते. डब्यावर खाण्याची म्हणून लिहिलेली 'कॅलरी' प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, म्हणजे हजारपट. आणि वीजबिलातलं 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल.

आता घरचं गणित. 15 लिटरचा गीझर, 25 अंशांचं पाणी 55 पर्यंत न्यायचं. 15 किलो गुणिले 30 अंश गुणिले 4186 ज्यूल, म्हणजे साधारण 18.8 लाख ज्यूल, अर्ध्या युनिटहून जरासं जास्त. गीझर 2 किलोवॅटचा असेल तर सोळा मिनिटं. तुमचा पाऊण तास घेत असेल तर त्याच्या आत क्षाराचे थर साचलेत का ते बघून घ्या.

दुसरं गणित मला जास्त आवडतं. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस तेवढीच ऊर्जा दिवसभरात शेवटी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. 24 तासांवर विभागली तर येते जवळपास 100 वॅट. म्हणजे प्रत्येक माणूस हा जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बाइतका तापवणारा. मंगल कार्यालयात 500 पाहुणे जमले की 50 किलोवॅट झाले, पंचवीस गीझर एकदम चालू केल्यासारखे. वैशाखातल्या मुहूर्ताला उकडतं यात आश्चर्य काय!

विसण किती घालायचं याला काही सूत्र आहे का?

आहे, आणि पुस्तकात त्याला 'उष्णता विनिमयाचे तत्त्व' असं भारदस्त नाव आहे. गरम पाण्याने गमावलेली उष्णता म्हणजेच गार पाण्याने मिळवलेली उष्णता. कढत पाणी 90 अंशांचं, नळाचं 25 चं आणि अंगाला हवं 42 चं. गरम पाणी 48 अंश उतरणार, गार 17 अंश चढणार. म्हणून गरम आणि गार यांचं प्रमाण 17 ला 48. पाच लिटर कढत पाण्याला चौदा लिटर विसण. आजी हे बोट बुडवून करायची आणि तिचं कधी चुकलं नाही, पण तिने सुरुवात नेहमी गार पाण्याच्या बाजूने केली, हे लक्षात घ्या.

हिवाळ्यात शहाबादी फरशी गार लागते आणि शेजारची सतरंजी ऊबदार. फरशीचं तापमान कमी असतं का?

नाही. रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोन्हींचं तापमान सारखंच, धरा 18 अंश. तुमचं पाऊल 30 अंशांच्या आसपास. दगड उष्णतेचा बऱ्यापैकी वाहक आहे, पावलाची उष्णता भराभर ओढून आत नेतो. सतरंजीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि हवा म्हणजे दुर्वाहकांतली अट्टल. पाऊल टेकलेला सतरंजीचा थर चटकन पावलाइतका तापतो, पुढे उष्णता जातच नाही. आपली त्वचा तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजते. उन्हाळ्यात हाच खेळ उलटा. उन्हातल्या गाडीची लोखंडी कडी चटका देते आणि तितकीच तापलेली कापडी सीट सोसवते.

स्वयंपाकघरातही हेच. स्टेनलेस स्टील धातूंच्या मानाने मठ्ठ वाहक आहे, म्हणून नुसत्या स्टीलच्या पातेल्यात दूध एकाच जागी लागतं. तांब्याची वाहकता स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून जास्त. बुडाला तांब्याचा थर देतात तो काही शोभेसाठी नाही.

गोधडी ऊब देते ना?

गोधडी काही देत नाही, तुमचीच ऊब तुमच्यापाशी ठेवते. पटत नसेल तर बर्फाची लादी गोधडीत गुंडाळा, उशिरा वितळेल. बर्फवाले लादीवर लाकडाचा भुसा आणि गोणपाट टाकतात ते यासाठीच. 1833 मध्ये बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघालं, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं, तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता! फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा तो उद्योग. मुंबईतही नंतर हा अमेरिकन बर्फ येत असे. भुशाचे थर एवढं करू शकतात.

एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी ऊबदार वाटतात, कारण मधली हवा फुकटात मिळते.

माठातलं पाणी गार कसं होतं? आणि मुंबईच्या माठाला ती मजा का नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत. जे जास्त वेगवान असतात ते पृष्ठभागावरून निसटून हवेत जातात. मागे उरतात ते संथ, म्हणजे सरासरी खाली येते, आणि सरासरी म्हणजेच तापमान. बाष्पीभवनाने गारवा येतो तो असा. माठाच्या मातीत बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरून बाहेर येतं आणि वाळतं. 30 अंशांच्या आसपास 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. ही उष्णता बरीचशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. 10 लिटरच्या माठातून फक्त 100 मिलिलिटर वाळलं, आणि बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरलं, तर 58,000 कॅलरी जातील आणि पाणी जवळजवळ 6 अंशांनी उतरेल. शंभरातला एक हिस्सा गेला, बाकीचे नव्व्याण्णव गार झाले.

जुन्या माठाची छिद्रं क्षाराने बुजतात, म्हणून तो दरवर्षी बदलतात. रंगवलेला, चकाकणारा माठ दिसायला छान, पण रंगाने छिद्रं बुजली की तो नुसता मातीचा डबा. ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या वाटेत ठेवलात तर सगळ्यात उत्तम.

आता मुंबई. पाणी वाळायचं तर हवेने ते घ्यायला हवं. मे महिन्यात नागपूरची हवा 44 अंशांची पण कोरडीठाक, पाण्यासाठी तहानलेली. मुंबईची हवा 34 चीच, पण बाष्पाने आधीच भरत आलेली. म्हणून नागपुरात वाळ्याचे पडदे लावलेला साधा कूलर 44 ची हवा 30 च्या खाली आणतो आणि मुंबईत तोच कूलर खोली कोंदट करतो. घामाचंही तेच. विदर्भात घाम आल्याचं कळतही नाही, येतो तसा उडतो, म्हणून तिथे पाणी पीत राहणं जास्त गरजेचं. कोकणात घाम निथळतो, पण निथळलेला घाम काही कामाचा नाही. वाळलेला घामच गारवा देतो.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं त्याला आर्द्र तापमान म्हणतात. ते 35 अंशांपर्यंत चढलं तर सावलीत, वाऱ्यात बसलेल्या धडधाकट माणसालाही शरीराची उष्णता बाहेर टाकता येत नाही. नुसत्या पाऱ्याच्या आकड्यावरून उन्हाळा जोखू नये तो यामुळे.

पंखा खोली गार करतो का?

नाही. माणसाला करतो. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर मोटरीमुळे खोली उलट किंचित तापते. बाहेर पडताना बंद करा.

फ्रिजचं दार उघडं ठेवून झोपलं तर?

खोली तापेल. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता आपणहून गरमकडून गारकडे जाते. उलट न्यायची तर पंप लागतो, विहिरीतून पाणी चढवायला लागतो तसाच, आणि पंपाला लागणारी वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. दार उघडं असलं की उपसलेलं पाणी पुन्हा त्याच विहिरीत, वर वीजबिल.

एसी 'दीड टना'चा म्हणजे काय? वजन तर तेवढं नसतं.

हा बर्फाच्या जमान्यातला शब्द टिकून राहिला आहे. 1 टन म्हणजे 24 तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ, वितळवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी उपसण्याची ताकद. 1 किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात, गुणाकार-भागाकार केला की 3.5 किलोवॅट येतात. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता घराबाहेर टाकतो आणि वीज घेतो दीडेक किलोवॅट. घेतली त्याहून जास्त उष्णता कशी काय? कारण तो उष्णता निर्माण करत नाही, वाहून नेतो. हमालाला दिलेली मजुरी आणि पोत्यातल्या मालाची किंमत यांचा काय संबंध!

आधण आल्यावर गॅस मोठा ठेवला तर भात लवकर शिजतो का?

नाही, आणि हे ज्या दिवशी पटलं त्या दिवसापासून आमचा सिलिंडर काही दिवस जास्त टिकतो.

पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान चढत नाही. समुद्रसपाटीला 100 अंश म्हणजे 100 अंश, खाली आच कितीही असो. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते, 1 ग्रॅमला 540 कॅलरी. थर्मामीटरला ती दिसत नाही म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760 च्या सुमारास ही कल्पना मांडली, आणि वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट तिथल्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. तर, आधण येईपर्यंत आच मोठी, झाकण घट्ट. उकळी फुटली की बारीक. मोठ्या आचेने भात शिजत नाही, खिडकीच्या काचा ओल्या होतात.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट तोही यामुळेच. 100 अंशांचं 1 ग्रॅम पाणी त्वचेवर 37 पर्यंत निवताना 63 कॅलरी देतं. वाफ आधी पाणी होताना 540 देते आणि मग वरचे 63. दहापट होत आलं. कुकरचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायला आई सांगते ते उगाच नाही.

कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवतात. आतला दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट झाला की पाणी 120 अंशांना उकळतं. स्वयंपाकातल्या रासायनिक क्रिया दर 10 अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, म्हणजे 20 अंशांत चौपट. उंचावर याच्या उलट. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो. महाबळेश्वर 1350 मीटर, तिथे पाणी साडेपंच्याण्णवला उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरला, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. डाळ शिजायला लागणारा वेळ तिथे जाणवण्याइतका वाढतो. लेहला 88 अंशांत डाळ शिजवायची तर कुकरशिवाय गत्यंतर नाही.

तवा तापलाय का हे बघायला पाणी शिंपडतात, तेव्हा थेंब नाचतात का?

तवा 200 अंशांच्या आसपास गेला की थेंबाखालचं पाणी क्षणात वाफ होतं आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. वाफ दुर्वाहक, म्हणून थेंब लगेच उडून जात नाही, घरंगळत राहतो. कमी तापलेल्या तव्यावर उलट तो चर्र करून तत्काळ आटतो. याचं वर्णन लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 मध्ये लिहून ठेवलं. डोसे घालणाऱ्यांनी ते त्याआधीच पाहिलेलं असणार.

हवामान खातं 42 सांगतं आणि माझी गाडी 47 दाखवते. खरं कोण?

दोघंही, पण प्रश्न वेगळा आहे. हवामान खातं हवेचं तापमान सांगतं, उन्हाचं नाही. थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच ठेवलेला असतो. हवा खेळते पण ऊन थेट पडत नाही. ही स्टीव्हन्सन पेटी. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती रचली. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं जे कार्यालय आहे, ज्याला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिथे ही पेटी पाहायला मिळते.

उन्हात ठेवलेला थर्मामीटर स्वतः ऊन पिऊन तापतो आणि मग स्वतःचंच तापमान सांगतो. काळा असला तर जास्त, पांढरा असला तर कमी. गाडीचा सेन्सर डांबरी रस्ता आणि इंजिन यांच्या मध्ये. त्यामुळे "आमच्याकडे काल 50 होतं" या फोटोंवर मी विश्वास ठेवत नाही. मैदानी भागात 40, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30 अंश ही उष्णतेच्या लाटेची किमान पायरी आहे, ती याच पेटीतल्या आकड्यांवर मोजतात.

महाबळेश्वरला पारा 5 अंश असताना वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. शून्याच्या वर बर्फ कसा?

दर थंडीत वर्तमानपत्रात तो फोटो येतो आणि दर थंडीत हा प्रश्न येतो. वरचं उत्तर वाचलंत तर निम्मं कोडं सुटलं. पाच अंश आहेत ते पेटीतल्या, छातीच्या उंचीच्या हवेचे. गवताच्या पात्याचे नाहीत.

उष्णता जाण्याचे तीन मार्ग : वहन, अभिसरण आणि प्रारण. प्रारणाला मध्ये काहीच लागत नाही. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात सतत उष्णता टाकत असते. निरभ्र, कोरड्या, वारा नसलेल्या रात्री गवत, मोटारींचे टप, जेटीच्या फळ्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि वरून परत फारसं काही येत नाही. पृष्ठभाग हवेपेक्षा कित्येक अंश खाली उतरून शून्याला टेकतो, त्यावरचं दव गोठतं. ढग असले तर ते पांघरुणासारखे उष्णता परत पाठवतात. म्हणून ढगाळ रात्र ऊबदार. निफाडकडचे द्राक्षवाले कडाक्याच्या थंडीत आकाश निरभ्र दिसलं की धास्तावतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात ते यामुळेच.

चंद्रपूर 45 च्या पुढे जातं, मुंबई जात नाही. दोन्हीकडे सूर्य तोच.

पाणी फार हट्टी आहे. 1 ग्रॅम पाणी 1 अंश तापायला 1 कॅलरी, लोखंडाला 0.11, पाऱ्याला 0.033, मातीदगडांना साधारण 0.2. याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. त्यात समुद्र ती उष्णता खोलवर मिसळून टाकतो, जमीन वरच्या थरातच अडवते. दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. रात्री जमीन आधी निवते, मग वारे उलटे, मतलई. कोकणातल्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. चंद्रपूरला हा पंखा नाही.

ताप फॅरनहाइटमध्ये आणि ऊन सेल्सिअसमध्ये, असं का?

सवय. डॅनिएल फॅरनहाइटने 1724 मध्ये आपली मोजपट्टी मांडली, शून्य घेतलं बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचं. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने 1742 मध्ये शंभर भाग केले, पण उलटे : उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100. तो गेल्यावर लोकांनी ते फिरवलं. दोन्ही पट्ट्या उणे 40 ला एकच आकडा दाखवतात.

98.6 या आकड्यावर फार श्रद्धा ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी सरासरी काढली ती साधारण 37 सेल्सिअस. तिचं रूपांतर केल्यावर .6 आलं, ती अचूकता नव्हे. सकाळी 97.5 आणि संध्याकाळी 99 ही धडधाकट माणसाची गोष्ट आहे.

काल 10 अंश, आज 20. म्हणजे आज दुप्पट गरम?

नाही. सेल्सिअसचा शून्य हा पाण्याच्या सोयीचा शून्य आहे. रेणूंच्या धडपडीची खरी किमान पातळी उणे 273.15 अंशांना येते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1848 मध्ये निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. त्या हिशोबाने काल 283 केल्विन, आज 293. वाढ साडेतीन टक्के. फार थंड करता येतं, पण तळाला टेकता येत नाही.

गाडीच्या चाकाची धाव तापवून का बसवत?

बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करत. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षांश 12 भागांनी वाढतं. 1.2 मीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापवली की घेर सव्वादोन सेंटिमीटरने वाढतो. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी चढवायची आणि लगेच पाणी. चर्र आवाज, वाफ आणि धाव आवळून बसली. खिळ्यांपेक्षा पक्की.

रेल्वेच्या रुळांना सांध्यात फट ठेवत तीही याचसाठी. 13 मीटरचा रूळ 40 अंश चढला की 6 मिलिमीटर वाढतो. आता मैलोन्‌मैल जोडलेले रूळ असतात, ते ठरावीक तापमानाला ताणून स्लीपरना जखडतात. तो जुना खडखडाट त्यामुळेच गेला.

औष्णिक केंद्रात कोळशाची निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते म्हणतात. इतका निष्काळजीपणा?

निष्काळजीपणा नाही, निसर्गाचा कर आहे. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं. अशा केंद्रांत 100 भाग उष्णतेतून 35 ते 40 भाग वीज निघते. फ्रान्सच्या सादी कार्नोने 1824 मध्येच दाखवलं की उष्णतेतून काम काढायचं तर काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. पाणचक्कीला पाणी खाली पडावं लागतं तसं. वाफ 540 अंशांची आणि थंड बाजू 40 ची असेल तर आदर्श, घर्षणरहित यंत्रालाही 61 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. केंद्रातल्या मोठ्या, कमरेत बारीक अशा, पाणी निववायच्या मनोऱ्यांतून निघतो तो धूर नसतो, बहुतेक पाण्याची वाफ निवून झालेले थेंब असतात. धूर उंच, सरळ चिमणीतून निघतो. तक्रार करायची तर त्या चिमणीची करा.

उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर इथलं पाणी गरम का? खाली ज्वालामुखी आहे?

नाही. जमिनीत खाली जाऊ तसं दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. नावातलं 'ऊन' हे सूर्याचं नव्हे, 'ऊन ऊन भात' मधलं आहे.

मोजायला जाणार असाल तर प्रयोगशाळेतला, 100 अंशांच्या वर मोजणारा थर्मामीटर न्या. एका सहलीत माझ्या विद्यार्थ्याने घरचा तापाचा काचेचा थर्मामीटर कुंडात बुडवला. तो 42 पर्यंतच असतो.